एका रडण्यापुरता काउंट

काउंट गेला त्या दिवशी त्याची मोहोर
मीच फोडली, गढीच्या पायरीवर, चार घावांत.
घोडा एकीकडे, तलवार दुसरीकडे,
कडेचं नाव – गोशे, मोंब्रेलचा धनी –
अक्षरं सुटी होऊन गवतात.
रिवाजच तो. मेलेल्याच्या नावानं कुणी मेण दाबू नये.

नव्या मोहोरेची चांदी त्याच संध्याकाळी आली.
कारभारी उदार म्हणाला, थांब, कोरू नकोस.
धाकट्या बाईसाहेब पोटुशा आहेत.

मुलगा झाला तर गोल चकती, दौडता स्वार.
नाही झाला तर लांबट, बदामाच्या आकाराची,
तीत उभी बाई, मनगटावर ससाणा.
ती बाई म्हणजे एर्सांद. पहिलीच्या पोटची. वय अकरा.

पाच महिने चांदी माझ्या फळीवर बिनआकाराची पडून होती.
पाच महिने खोऱ्यातल्या गिरण्या, दोन पूल, मिठावरचा कर
आणि फाशीचा खांबसुद्धा
एका पोटाकडे बघत होता.

एर्सांद दुकानात यायची, दाईचा हात सोडून.
मी मेणावर तिला तीच काढून दाखवली.
"नाक एवढं मोठं?"
म्हटलं, लहान नाक मोहोरेत उमटत नाही.

आमच्या खोऱ्याचा कायदा कागदावर नाही, म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे:
बाळ रडलं, आणि ते भिंतीबाहेर ऐकू आलं, तर ते जगलं.
जगलं तर वारस. पुढच्या श्वासाला मेलं तरी वारस.
आणि त्याच्यामागे त्याचा चुलता;
सावत्र बहीण नव्हे, कूस वेगळी.
न रडता गेलं, तर ते आलंच नाही.

म्हणून चार भिंतींबाहेर चार माणसं.
उत्तरेची माझ्या वाट्याला आली.
माझे कान तीस वर्षं हातोडीनं खाल्लेले,
पण गावात माझ्या शब्दाला वजन होतं.

संत मार्तँच्या सणाची आदली रात्र. धुकं.
दगडाला गाल लावून उभा राहिलो, गाल बधिर झाला.

पहाटे सुईण पेरोनेल बाहेर आली, हात कोपरापर्यंत धुतलेले.
"दाराची बिजागरी करकरली असेल. मूल गप्पच आलं."
पूर्वेच्या माणसानं कुत्रं ऐकलं होतं.
दक्षिणेचा झोपला होता, कबूल करेना.
पश्चिमेचा चुलत्याचं कूळ, त्यानं तर दोनदा ऐकलं.
मग सगळे माझ्याकडे वळले.

संताच्या दाताची पेटी पुढे आली. तीवर हात ठेवला.
जिन्याच्या वळणावर एर्सांद, पायांत एकच जोडा.
म्हणालो, ऐकलं. एकदा.

ऐकलं होतं, म्हणून म्हणालो.
ती बिजागरी माझ्याच भावानं बसवली होती,
तिचा आवाज मला ठाऊक आहे.

चांदी गोल कापली. स्वार कोरला.
नव्या धन्याला घोड्याची मान आवडली नाही,
पुन्हा केली; पैसे एकदाचेच मिळाले.
वंशावळीच्या चामड्यावर, थोरला आणि धाकटा यांच्यामध्ये
पाद्र्यानं एक ओळ कोरी सोडली.
नाव ठेवायला सवडच झाली नव्हती.

वसंतात एर्सांदला मठात धाडलं.
तिचं खेचर माझ्या दुकानापुढे थांबलं.
वाटलं, थुंकेल.

"म्हणजे मला भाऊ होता?"
होता, म्हटलं.
"कसा होता आवाज?"

मी कानस घेतली, चांदीच्या उरल्या तुकड्याच्या कडेवरून
एकदाच, हलक्या हातानं ओढली.

तिनं डोळे मिटले. खेचरवाला घाई करत होता.
"पुन्हा नको," म्हणाली.